प्रकल्प नोंदी: इलेक्ट्रिक गाडीचा कार्बन हिशेब, पुणे

३ फेब्रुवारी २०२५

प्रश्न: पुण्यात वर्षाला १२,००० किमी चालणारी, ३०.२ युनिटच्या बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल, सीएनजी आणि स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत मोटरवरही चालणाऱ्या, पण प्लगने चार्ज न होणाऱ्या) गाडीपेक्षा बारा वर्षांत कमी कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) सोडते का? सोडत असेल तर कितव्या किलोमीटरपासून?

‘पर्यावरणाला चांगली’ हे शब्द हिशेबाच्या शीटमध्ये येऊ द्यायचे नाहीत. कार्बन, शहरातली हवा आणि खाणी यांचे तीन स्वतंत्र रकाने राहतील. तिन्हींची एकच बेरीज केली की वजनं बदलून उत्तर हवं तिकडे वळवता येतं. बॅटरी सोडून बाकीची गाडी (पत्रा, काचा, सीट, टायर) दोन्हींकडे सारखी धरली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स नसल्याची सूट इलेक्ट्रिकला दिलेली नाही. चूक झालीच तर इलेक्ट्रिकच्या विरोधात व्हावी, असं मुद्दाम ठरवलं.

६ फेब्रुवारी

मीटर बसवले. गाडीच्या पडद्यावरचा ‘इतके किमी प्रति युनिट’ हा आकडा बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचा असतो. बिल येतं ते भिंतीतून गेलेल्या विजेचं, आणि कोळसाही तिच्यासाठीच जळतो. म्हणून प्रत्येक चार्जिंग पॉइंटच्या आधी डीबीत (विजेच्या वितरण पेटीत) सिंगल फेजचा, रेलवर बसणारा, क्लास १ अचूकतेचा वेगळा मीटर.

७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला सलग ३१ अँपिअर लागतात. त्यासाठी ६ चौरस मिमीची तांब्याची वायर, ४० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). स्वस्तातला टाइप एसी घेऊ नये. चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो आणि ऐन वेळी पडत नाही. आपल्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती पकडण्याची सोय आहे का, हे खरेदीआधी कागदावर पाहून घ्यायचं.

चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजला. एका पॉइंटवर तो १.४ व्होल्ट, दुसऱ्यावर ११. दुसऱ्या ठिकाणी चार्जरचा लाल दिवा लागून चार्जिंग बंद पडत होतं आणि दोष गाडीवर ढकलला जात होता. अर्थिंगची पट्टी खड्ड्यातल्या सळईपाशी गंजून सुटली होती. नवी सळई, नवा क्लॅम्प, मग २ व्होल्टच्या आत.

१२ फेब्रुवारी

१५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवरचं सॉकेट तपकिरी पडलं, जळका वास. वायर ४ चौरस मिमीची, म्हणजे पुरेशी. चूक स्क्रूखाली होती: तारेचे सुटे पदर लग (टोकाची धातूची टोपी) न लावता तसेच दाबले होते. इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर अर्धा तास. गाडी मात्र १३ अँपिअर सलग दहा तास ओढते. त्या उष्णतेने स्क्रू थोडा ढिला होतो, ढिल्या जागी उष्णता वाढते, आणि सॉकेटमधल्या पितळी पट्टीचा ताण कायमचा जातो. नंतर स्क्रू आवळूनही फरक पडत नाही, सॉकेट बदलावंच लागतं.

जागी निळं तीन-पिनी इंडस्ट्रियल सॉकेट बसवलं, लग क्रिंप केले. यापुढे प्रत्येक नव्या पॉइंटवर तासभर चार्जिंग झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लग तपासायचा. हवेपेक्षा २० अंशांहून जास्त गरम लागला तर काम परत.

२१ फेब्रुवारी

पेट्रोल गाडीची मोजणी: टाकी फुल ते टाकी फुल, एकच पंप, एकच नोझल, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. वर आणखी ‘राउंड फिगर’ भरू द्यायचं नाही, कारण त्या लिटर-दोन लिटरने एका फेरीचं मायलेज सहज बिघडतं. तीन टाक्या मिळून १,१८७ किमी, ८८.६ लिटर, म्हणजे १३.४ किमी प्रति लिटर. रस्ता दोन्ही गाड्यांचा तोच: कर्वे रस्ता, विद्यापीठ चौक, हिंजवडी. कंपनीच्या जाहिरातीतला मायलेज आणि रेंज दोन्ही बाजूंनी बाद. प्रयोगशाळेतला आकडा एकीकडे आणि रस्त्यावरचा दुसरीकडे, ही अशा तुलनांमधली सगळ्यात जुनी लबाडी आहे.

३ मार्च

बॅटरीची टक्केवारी वापरून काढलेले पहिले तीन आठवडे रद्द. ही बॅटरी एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची आहे. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या संगणकाला) ४० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून नीट कळत नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजत तो अंदाज बांधतो आणि चूक साठत जाते. आठवडाभर ३० ते ८० टक्क्यांत खेळवलेली गाडी पूर्ण चार्ज करताना ९१ वरून थेट १०० वर उडी मारताना दिसली. म्हणून आठवड्यातून एकदा १०० टक्क्यांपर्यंत भरून बीएमएसचा अंदाज पुन्हा जुळवून घ्यायचा, आणि हिशेबासाठी फक्त भिंतीतला मीटर व ओडोमीटर.

२२ मार्च

सहा आठवड्यांचं एकत्रित: १,४१२ किमी, मीटरवर १९३.६ युनिट. म्हणजे प्रति किमी १३७ वॅट-तास. पडद्यावर त्याच काळात सरासरी ११९. मधले १३ टक्के चार्जरमध्ये आणि गाडीच्या पोटात गेले.

१५ अँपिअरच्या पॉइंटवर तोटा १५ टक्के, ७.२ किलोवॅटवर ११. कारण साधं आहे: चार्जिंग चालू असेपर्यंत पंप, पंखा आणि कंट्रोल युनिट जागे राहतात आणि काहीशे वॅट खात बसतात. दहा तास जागे राहिले तर जास्त खाणार, चार तास राहिले तर कमी.

२५ मार्च

ग्रिडचा आकडा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या ग्रिडची सरासरी प्रति युनिट ०.७२७ किलो कार्बन. आदल्या वर्षी ०.७१६ होती, म्हणजे सौरऊर्जा वाढत असतानाही सरासरी वर गेली. मागणी त्याहून जोरात वाढली आणि ती कोळशाने भागवली. अनेक तयार कॅल्क्युलेटरमध्ये अजून ०.८२ सापडतो. तो दशकभरापूर्वीचा आकडा आहे, वापरू नये.

दोन ठिकाणी दुप्पट मोजणी होता होता राहिली. एक, हा आकडा वीजकेंद्राचा स्वतःचा वापर वजा करून उरलेल्या विजेवर काढलेला असतो. म्हणून केंद्रातले पंखे, चक्क्या, पंप पुन्हा जोडायचे नाहीत. दोन, वितरण कंपन्यांच्या तोट्याचा जो आकडा बातम्यांत येतो त्यात वीजचोरी आणि न वसूल झालेली बिलंही असतात. चोरलेलं युनिट कुणाच्या तरी पंख्यात फिरतंच. ते गाडीच्या नावावर टाकणं चूक. तांत्रिक तोटा म्हणून १५ टक्के गृहीत धरला. खाणकाम आणि कोळशाच्या वाहतुकीसाठी वर ५ टक्के, हेही गृहीतच.

०.१३७ ÷ ०.८५ = केंद्रापाशी ०.१६१ युनिट. त्याला ०.७२७ आणि १.०५ ने गुणलं की प्रति किमी १२३ ग्रॅम.

२९ मार्च

पेट्रोलच्या रकान्यात मोठी चूक सापडली. लिटरला २.३१ किलो (जळताना) आणि विहिरीपासून पंपापर्यंतचे २० टक्के धरून २.७७ किलो लावले होते. त्याने २०७ ग्रॅम प्रति किमी येत होतं. पण पंपावर मिळतं ते शुद्ध पेट्रोल नाहीच. त्यात २० टक्के इथेनॉल आहे. मायलेज इथेनॉलमिश्रित मोजायचं आणि कार्बन शुद्ध पेट्रोलचा लावायचा, म्हणजे पेट्रोल गाडीला दोनदा दंड.

नवा हिशेब: ०.८ लिटर पेट्रोलचे २.२२ किलो. इथेनॉल जळताना निघणारा कार्बन उसाने किंवा मक्याने हवेतूनच घेतलेला, म्हणून तो शून्य. पण खत, पाणी उपसणं, डिस्टिलरीची वाफ शून्य नाही. मळीपासूनचं इथेनॉल आणि मक्यापासूनचं इथेनॉल यांच्यात मोठी तफावत पडते. उसाच्या कारखान्यात वाफेला बगॅस (उसाची चिपाडं) असतो, मक्याच्या डिस्टिलरीला तो आणायचा कुठून? मधला मार्ग म्हणून इथेनॉलला सारख्या ऊर्जेच्या पेट्रोलच्या निम्मा भार दिला: ०.२ किलो. एकूण २.४२ किलो प्रति लिटर, भागिले १३.४ = १८० ग्रॅम प्रति किमी. २०७ वरून १८०. एवढ्या फरकाने पुढचं सगळं हलतं.

२ एप्रिल

बॅटरी बनवतानाचा कार्बन. भांडणं इथेच होतात आणि शिळे आकडेही इथेच फिरतात. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये प्रति युनिट क्षमतेला १५० ते २०० किलो असा अंदाज दिला. ‘इलेक्ट्रिक गाडी म्हणजे फसवणूक’ छापाचे बहुतेक लेख त्यावर उभे राहिले. त्याच संस्थेने २०१९ मध्ये तो ६१ ते १०६ वर आणला. कारखाने मोठे झाले, एका सेलमागे कोरड्या खोलीची आणि ओव्हनची वीज कमी लागू लागली. सुधारित आकडा मात्र फारसा कुणी पुढे पाठवला नाही.

शीटमध्ये ७५ किलो. ३०.२ × ७५ = २,२६५ किलो. गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा डोक्यावर इतकं कर्ज असतं. दुसरी बॅटरी धरलेली नाही. आठ वर्षं किंवा १,६०,००० किमीची हमी बाजारात सर्रास मिळते आणि आपला एकूण पल्ला १,४४,००० किमी आहे.

५ एप्रिल

कर्जफेड, पेट्रोलसमोर: १८० वजा १२३ = ५७ ग्रॅमची बचत प्रति किमी. २,२६५ किलो फिटायला सुमारे ४०,००० किमी, म्हणजे तीन वर्षं चार महिने. चुकीच्या २०७ ग्रॅमने हेच २७,००० येत होतं. रोज आठ-दहा किमी चालणारी दुसरी गाडी असेल तर हा मुक्काम अकरा ते चौदा वर्षांनी येतो, मग तिथे हट्ट कशाला?

पडताळा: आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात भारतातल्या इलेक्ट्रिक गाडीचं आयुष्यभराचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी, युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी. आपलं, ग्रिड जसाच्या तसा धरून, बारा वर्षांची गोळाबेरीज: पेट्रोल २५.९ टन, इलेक्ट्रिक १७.७ अधिक २.३ म्हणजे २० टन. फरक सुमारे २३ टक्के. त्याच पट्ट्यात बसतो. युरोपातला व्हिडिओ बघून पुण्यात गाडी घेणाऱ्याला या दोन पट्ट्यांतलं अंतर कुणी सांगत नाही.

९ एप्रिल

हायब्रिड आणि सीएनजी. हा रकाना सगळ्यात अवघड, आणि बहुतेक तुलनांत तो नसतोच. शहरात २१ किमी प्रति लिटर देणारी स्ट्राँग हायब्रिड (मालकांच्या टाकी-नोंदींवरून): २.४२ ÷ २१ = ११५ ग्रॅम. इलेक्ट्रिकच्या १२३ पेक्षा कमी! आजच्या ग्रिडवर बॅटरीचं कर्ज कधीच फिटत नाही.

ग्रिड सुधारेल हे धरलं तर? वर्षाला २ टक्के दराने बारा वर्षांची सरासरी ०.६५२ येते आणि इलेक्ट्रिक ११० वर. कर्जफेड साडेचार लाख किमी, म्हणजे नाहीच. वर्षाला ४ टक्के धरले तर ९९ ग्रॅम, कर्जफेड १,४२,००० किमी. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत कशीबशी बरोबरी. राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०२६-२७ साठी ०.५४८ आणि २०३१-३२ साठी ०.४३० हा अंदाज आहे. तसं घडलं तर इलेक्ट्रिक स्पष्ट पुढे जाते. पण ०.७२७ वरून तीन वर्षांत ०.५४८? शीटमध्ये आराखडा घालायचा नाही, घडलेलं घालायचं.

सीएनजी: २४ किमी प्रति किलो, किलोला २.७ किलो कार्बन, वर विहिरीपासून पंपापर्यंतचे १८ टक्के. १३३ ग्रॅम. यात गळती नाही. विहिरीपासून नोझलपर्यंत १ टक्का मिथेन गळला तरी, मिथेनची तापवण्याची ताकद कार्बनमध्ये मोजून, शंभर वर्षांच्या मापाने १२-१३ ग्रॅम आणि वीस वर्षांच्या मापाने ३४ ग्रॅम वाढतात.

१४ एप्रिल

आतापर्यंतचं सगळं ‘सरासरी’ ग्रिडवर. पण रात्री दहाला प्लग लावला तर कोणतं केंद्र जादा वीज देतं? सूर्य नाही. कोयना गरजेच्या वेळेला राखून चालवतात. तारापूर आधीच पूर्ण भारावर असतं. उरतो कोळसा. कोळशाच्या युनिटला ०.९७ किलो धरले तर १६४ ग्रॅम प्रति किमी. पेट्रोलपेक्षा फक्त १६ ने कमी, आणि कर्जफेड पुन्हा १,४२,००० किमी. दुपारी उलट स्थिती: सौर वीज भरपूर, आणि कोळशाचे संच ५५ टक्क्यांच्या किमान भारावर धरून ठेवलेले, त्याखाली नेता येत नाहीत. तेव्हा वाढलेली मागणी वाया जाऊ शकणारी वीज उचलते.

म्हणून एकच गाडी, एकच बॅटरी, फक्त प्लग लावायची वेळ बदलली की उत्तर बदलतं. दोन्ही आकडे शीटमध्ये शेजारी-शेजारी ठेवले. एकच छापायचा ठरला तर सरासरीचा, पण रात्रीचा लपवायचा नाही. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीत सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे, म्हणजे खिसा आणि कार्बन एकाच दिशेला ओढतात. रात्री चार्जिंग ही सवय मोबाइलमुळे लागलेली आहे, ती मोडायची तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये पॉइंट हवेत.

टायमरबद्दल: १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग गाडीला लावू नये. सलग भाराने त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि ‘बंद’ दाखवत असताना वीज चालू राहते. ४० अँपिअरचा कॉन्टॅक्टर आणि त्याच्या कॉइलवर बॅटरी-बॅकअपचा डिजिटल टायमर. तबकडीचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो. दोन लोडशेडिंग झाली की ‘दुपारचं चार्जिंग’ संध्याकाळी सुरू.

१९ एप्रिल

छतावरचं सोलर. रोजचे ३३ किमी म्हणजे साडेचार युनिट. पुण्यात एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतं. ५४० वॅटची दोन पॅनल जवळपास पुरी पडतात, पावसाळ्यात निम्मीच. पॅनल बनवतानाचे ४१ ग्रॅम प्रति युनिट धरले तर गाडी ६ ग्रॅम प्रति किमीवर येते.

हा ६ शीटमध्ये मात्र एकाच अटीवर जातो: पॅनल चालू असताना गाडी त्याच छताखाली उभी असेल तर. नेट मीटरिंगवाला दुपारी वीज ग्रिडला देतो, रात्री ग्रिडची घेऊन गाडी भरतो, आणि बिल शून्य येतं म्हणून गाडी सूर्यावर चालते असं सांगतो. बिलात वजाबाकी होते, भट्टीत होत नाही.

२४ एप्रिल

पारा ४० वर. एसीमुळे इलेक्ट्रिक १४९ वॅट-तासांवर, पेट्रोल गाडी १२.६ किमीवर. दोघींचा तोटा जवळपास सारखा, वार्षिक सरासरी बदलण्याइतका नाही.

२८ एप्रिल

हवेचा रकाना. शंभर किमीला केंद्रापाशी १६.१ युनिट. कोळशाच्या प्रत्येक युनिटला साधारण ६८० ग्रॅम कोळसा लागतो, आणि देशाच्या विजेत कोळशाचा वाटा साधारण तीन-चतुर्थांश. म्हणजे शंभर किमीमागे ८ किलो कोळसा आणि, ३५ टक्के राख धरली तर, जवळजवळ ३ किलो राख. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन १४ किलो राख, सिमेंटच्या पाव गोणीहून जास्त. काही सिमेंटमध्ये आणि विटांत जाते, बाकी राखेच्या तळ्यात.

कर्वे रस्त्यावर सायलेन्सरचा धूर खरोखर शून्य होतो, आणि सिग्नलला शेजारी उभ्या दुचाकीवाल्याच्या नाकाला ते लगेच कळतं. त्यातला काही भाग चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या चिमणीतून निघतो. चंद्रपूर २००९ पासूनच अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत होतं. फायदा पुण्याच्या रकान्यात आणि तोटा चंद्रपूरच्या, हे दोन वेगळे रकाने ठेवलेत आणि एकमेकांतून वजा केलेले नाहीत.

ब्रेकची धूळ रीजनमुळे (मोटरच गाडीचा वेग कमी करते, म्हणून) कमी. टायरची जास्त, कारण गाडी जड आणि टॉर्क पहिल्या क्षणापासून. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी तपासणं, हा त्यावरचा फुकटचा उपाय.

३ मे

खाणी. एलएफपीमुळे कोबाल्ट आणि निकेल दोन्ही गेले, म्हणजे काँगोच्या कोबाल्ट खाणी आणि इंडोनेशियातला कोळशावर चालणारा निकेल उद्योग या रकान्यातून बाहेर. लिथियम, ग्रॅफाइट आणि तांबं राहिले. पण एलएफपीची दुसरी बाजू पुनर्वापरात दिसते. भंगारात महागडा धातूच नाही, म्हणून रिसायकलरला ती घ्यायला आर्थिक ओढ नाही. बॅटरी कचरा नियम, २०२२ प्रमाणे उत्पादकांवर जबाबदारी आहे आणि २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवण्याचं बंधन. पुनर्वापराची सूट शीटमध्ये शून्य ठेवली. बारा वर्षांनंतरच्या वचनावर आज श्रेय नाही.

८ मे

आकाराची चाचणी. ७५ युनिटची मोठी एसयूव्ही, भिंतीपाशी १८० वॅट-तास प्रति किमी: १६२ ग्रॅम आणि डोक्यावर ५,६०० किलो कर्ज. लिटरला १२ किमी देणाऱ्या डिझेल एसयूव्हीच्या जागी आली तर ५३,००० किमीत फेड. छोट्या पेट्रोल गाडीच्या जागी आली तर तीन लाख किमीहून जास्त. म्हणून ‘कशाच्या बदल्यात?’ हा रकाना आता शीटमध्ये सक्तीचा केला आहे. तो भरल्याशिवाय निकालाचा चौकोन रिकामा राहतो.

खाली स्कूटरची ओळ जोडली. ३ युनिटची बॅटरी, भिंतीपाशी ३५ वॅट-तास: ३१ ग्रॅम. लिटरला ४४ किमी देणारी पेट्रोल स्कूटर: ५५ ग्रॅम. फेड साधारण ९,४०० किमीत. एका गाडीच्या बॅटरीत दहा स्कूटर होतात. त्या दहाजणी प्रत्येक किमीला मिळून २४० ग्रॅम वाचवतात, गाडी ५७. बॅटरीसाठी ठेवलेल्या अनुदानाच्या प्रस्तावात हीच ओळ आधी, गाडीची नंतर. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बसची शीट जूनमध्ये, मीटर डेपोच्या चार्जरआधी बसवून. आठवडाभर एसी बंद आणि आठवडाभर चालू.